ट्यूब साचलेल्या पाण्याची

ट्रकची ट्यूब फुगवायची, मधे दोऱ्या आवळून बसायला जागा करायची आणि हाताने वल्हवत जाळं सोडत जायचं. होडी परवडत नाही त्यांची मासेमारी अशीच चालते, माझीही. वाघूर धरणाच्या साचलेल्या पाण्यात ट्यूब चांगली साथ देते. पण पावसाळ्यात पहूरजवळ नदी वाहती झाली की काही पोरं तीच ट्यूब घेऊन धारेत उतरतात. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

आमच्या भावकीतला एक मुलगा असाच उतरला होता. पट्टीचा पोहणारा. ट्यूब वाहून जाऊ नये म्हणून तिची दोरी त्याने काठच्या बाभळीला बांधली आणि जाळ्याची दोरी स्वतःच्या कमरेला. धारेत जाताच बाभळीची दोरी ताणली, ट्यूबची वरच्या अंगाची कड दबली, तिच्यावर पाणी चढलं आणि ट्यूब पालथी झाली. जाळं प्रवाहात फुगून त्याला खाली ओढत होतं. काठावरून फेकलेली दोरी त्याच्या हाताला लागली म्हणून चौघांनी मिळून त्याला जाळ्यासकट बाहेर काढलं. कमरेची गाठ भिजून इतकी आवळली होती की नखसुद्धा शिरेना. शेवटी विळ्याने कापली. दोरीचा जांभळा वळ कितीतरी दिवस त्याच्या अंगावर होता.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ चौपट होते. म्हणून वाहत्या पाण्यात कुठलीच दोरी अंगाला बांधू नका, आणि ट्यूबही काठाला बांधू नका. त्यापेक्षा काठावरून गळ टाका.

बंधाऱ्याच्या तर जवळही जाऊ नका. वरून पाणी संथ दिसतं, पण खाली पडलेलं पाणी उलटून पुन्हा भिंतीकडे येतं. तिथे सापडलेलं लाकूड तासन्‌तास जागच्या जागी गरगरत राहतं. माणसाचंही तेच होतं.

आपली वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्यावरून येते. पहुरात ऊन असलं तरी तिकडे पाऊस झाला की लोंढा इकडे पोचतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा आणि फेस दिसला की जाळं अर्धवट सोडून बाहेर या. जाळं पुन्हा विणता येतं. तापीकाठच्यांनी हतनूरकडे लक्ष ठेवावं. त्या धरणाला 41 दरवाजे आहेत. विसर्गाची सूचना आली की पात्रात थांबायचं नाही.

धरणातसुद्धा लाईफ जॅकेट हवंच, पट्टे आवळून. बाभळीचा एक काटा ट्यूब बसवायला पुरतो, त्यामुळे नुसत्या ट्यूबवर जिवाचा भरवसा नको. धारदार चाकू हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.

एवढं करूनही कुणी धारेत सापडलाच, तर उभं राहायची धडपड करू नये. दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि पाणी माणसाला पुढे लोटून बुडवतं. उताणं व्हावं, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवावेत आणि तिरकं तिरकं काठाकडे सरकावं. काठावरच्यांनी त्याच्यामागे उडी मारू नये. पाच लिटरच्या कॅनमध्ये थोडं पाणी ठेवून बूच घट्ट लावा आणि कॅनला लांब दोरी बांधा. थोडं वजन असलं की कॅन लांब जातो, तरंगतो, आणि बुडणाऱ्याला धरायला मूठ मिळते. फेकताना त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाका, म्हणजे दोरी त्याच्या अंगावर येते.