पर्णसंग्रहाची चिकटवही : चार हप्त्यांची आखणी

(इयत्ता ३ री व ४ थी, परिसर अभ्यास व कार्यानुभव)

प्राथमिक शाळेत चिकटवही नाही, असे सहसा आढळत नाही. परंतु पुष्कळ शाळांतून ती वर्षभर रिकामी राहते आणि वार्षिक तपासणी जवळ आली म्हणजे दोन-चार दिवसांत घाईने भरली जाते. अशा वेळी वळणदार अक्षराची दोन मुले लिहितात, हात चालणारी दोन मुले चिकटवतात, बाकीची पाहत बसतात. आणि उरलेले काम शिक्षक रात्री घरी नेऊन पुरे करतात. वही भरते, पण वर्ग रिकामाच राहतो. या दोषाचे मूळ मुलांच्या आळसात नसून आखणीच्या अभावात असते. गावातील झाडांच्या पर्णसंग्रहाचे उदाहरण घेऊन ही आखणी कशी करावी, याचा विचार येथे केला आहे. घोटाळा टळावा म्हणून झाडाच्या पानास ‘पान’ व वहीच्या पानास ‘पृष्ठ’ असे म्हटले आहे.

हप्ते कशासाठी?

कुंभार एकेक मडके घडवून एकेकटे भाजीत नाही; पुरेशी मडकी वाळली म्हणजे एकदाच आवा रचतो. चिकटवहीचेही तसेच आहे. खळ शिजवणे, कात्री, मापपट्टी व रद्दी मांडणे, शेवटी हात धुऊन वर्ग झाडणे या गोष्टींना पृष्ठ एक असो वा सहा असोत, सुमारे १५ मिनिटे लागतातच. २४ पृष्ठे एकेक करून चिकटविली तर ३६० मिनिटे मांडामांड व आवराआवर यातच जातील. तीच पृष्ठे सहा-सहांच्या चार हप्त्यांत केली तर ६० मिनिटे पुरतील. वाचलेली ३०० मिनिटे म्हणजे ३५ मिनिटांच्या आठांहून अधिक तासिका होत. ज्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता आहेत, तेथे या तासिकांचे मोल सांगावयास नको.

मात्र सर्व २४ पृष्ठे एकदम करू नयेत. पहिल्या हप्त्यातील चुका दुसऱ्यात सुधारण्यास वाव राहिला पाहिजे. शिवाय सर्व झाडे एकाच ऋतूत पाहण्याजोगी नसतात.

सुटी पृष्ठे

आरंभी वही शिवू नये. पूर्वी युरोपातील वनस्पतिसंग्राहक वाळलेल्या वनस्पती बांधीव ग्रंथांत चिकटवीत. एकदा चिकटविलेल्या वनस्पतीची जागा पुढे बदलता येत नसे. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस (१७०७–१७७८) यांनी प्रत्येक वनस्पती सुट्या कागदावर लावून ते कागद कपाटात ठेवण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे नवे कागद हव्या त्या ठिकाणी घालता येऊ लागले. त्यांचा संग्रह लंडन येथील लिनियन सोसायटीत आजही जपलेला आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० साली स्थापन झाली. १९५५ साली सुरू झालेल्या तिच्या पुणे येथील केंद्रातही वाळलेल्या वनस्पतींचे कागद असेच सुटे ठेवतात. शाळेनेही हाच मार्ग धरावा. पृष्ठे चित्रकलेच्या जाड कागदाची व एकाच मापाची असावीत आणि ती दोन पुठ्ठ्यांत दोरीने बांधून ठेवावीत.

हप्त्यांची वाटणी

झाडांची निवड गावावर अवलंबून राहील. नमुन्यादाखल पुढील वाटणी पाहावी.

पहिला हप्ता (भाद्रपद), साधी पाने : वड, पिंपळ, उंबर, आंबा, जांभूळ, सीताफळ.

दुसरा हप्ता (आश्विन, दिवाळीपूर्वी), संयुक्त पाने : चिंच, कडुनिंब, बाभूळ, शेवगा, करंज, शिरीष.

तिसरा हप्ता (मार्गशीर्ष), विशेष आकाराची पाने : बेल, बोर, आपटा, कांचन, साग, मोह.

चौथा हप्ता (फाल्गुन), फुले व मोहोर : पळस, पांगारा, काटेसावर, शेवगा, आंब्याचा मोहोर, कडुनिंबाचा फुलोरा.

या वाटणीत दुहेरी लाभ आहे. एका हप्त्यातील पाने एका जातीची असल्याने सहाही पृष्ठांची मांडणी सारखी होते. आणि पाने शेजारी ठेवताच पाठ आपोआप उभा राहतो. आपटा व कांचन यांची पाने शेजारी ठेवून विचारावे, “दोन्हींत सारखे काय?” मुले म्हणतील, “दोन्ही मध्ये दुभंगलेली आहेत.” “मग दसऱ्यास आणलेले पान आपट्याचेच, हे कशावरून ओळखावे?” मुले मोजतील, ताडून पाहतील आणि आपट्याचे पान लहान असून लांबीपेक्षा रुंदीने अधिक दिसते, हे त्यांच्याच तोंडून येईल. हे उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये.

रुई, शेर, कण्हेर व धोतरा ही झाडे यादीत घेऊ नयेत. पहिल्या दोहोंचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे. पुढची दोन विषारी आहेत.

कामाची वाटणी

वर्गात २४ मुले असल्यास चार-चारांचे सहा गट करावेत. प्रत्येक हप्त्यात प्रत्येक गटाने एकच पृष्ठ करावयाचे. गटात चार कामे असतात : पान वेचून वाळवणे, पृष्ठ आखणे, चिकटवणे आणि लिहिणे. दर हप्त्यास कामे फिरवावीत, म्हणजे चार हप्त्यांत प्रत्येक मूल प्रत्येक काम एकदा करील. पान वेचणारा तो त्या पृष्ठाचा धनी; त्याचे नाव पृष्ठावर यावे. वर्षाअखेर ज्याच्या नावाचे पृष्ठ नाही, असे एकही मूल उरत नाही.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. आखणी न करता भरलेल्या वहीत या मुलांचे नाव कोठेच राहत नाही. ती परत येतात तेव्हा वही पुरी झालेली असते. म्हणून गट पाडतानाच अशी मुले हेरून ठेवावीत. एका गटात अशी दोनांहून अधिक मुले घालू नयेत, आणि पान वेचण्याची पाळी त्यांना पहिल्या वा दुसऱ्या हप्त्यात द्यावी. मागे राहिलेल्यांपैकी एकाने दोन कामे करावीत. जाणाऱ्या मुलाबरोबर जुन्या वर्तमानपत्राच्या दोन घड्या व दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. जेथे मुक्काम पडेल तेथील झाडाचे पान त्याने घडीत दाबून आणावे. परत आल्यावर त्या पानाचे स्वतंत्र पृष्ठ करावे. वही सुटी असल्यामुळे त्यास जागा सदैव राहते.

प्रत्यक्ष कृती

वेचणे : पाने सकाळी दव वाळल्यावर घ्यावीत. किडलेले वा फाटलेले पान नको. एका झाडाची तीन पाने घ्यावीत, म्हणजे एक बिघडले तरी अडत नाही. सागाचे मोठे पान पृष्ठावर मावत नाही. शेंड्याचे लहान पान घ्यावे. वड, पिंपळ व उंबर यांचा देठ तोडल्यावर चीक येतो. तो पुसून व सुकू देऊन मगच पान दाबावे, नाही तर ते कागदास चिकटते.

चिठ्ठी : पान घडीत ठेवतानाच शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बरोबर ठेवावी. झाडाचे नाव, ठिकाण, तारीख व वेचणाऱ्याचे नाव एवढा मजकूर पुरे. ‘नंतर लिहू’ म्हटले की करंजाचे पान जांभळाच्या नावावर जाते. चिठ्ठीवाचून पान घडीत जाऊ देऊ नये.

वाळवणे : पान वर्तमानपत्राच्या घडीत सपाट पसरावे, वर पाट ठेवावा व त्यावर विटांचे वजन द्यावे. पहिले चार दिवस कागद रोज बदलावा. ओले कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात. आठ-दहा दिवसांत पान वाळते. भाद्रपदात हवा दमट असल्याने कागद बदलण्यात एक दिवसही चुकल्यास बुरशी धरते. चिंचेची पर्णदले वाळताना गळतात. ती कागदाच्या पुडीत जपून पुडी पृष्ठावर लावावी. काटेसावरीचे मांसल फूल नीट वाळत नाही. त्याची एक पाकळी वाळवावी व पूर्ण फुलाचे चित्र काढावे.

पहिली तासिका, आखणे : पृष्ठाच्या मापाचा पुठ्ठ्याचा एक साचा कापावा. त्यात पानाची जागा व खाली उजवीकडे चिठ्ठीची जागा अशा दोन खिडक्या ठेवाव्यात. साचा सहाही पृष्ठांवर ठेवून पेन्सिलीने खुणा केल्या की प्रत्येक वेळी मापणे नको. पाने जागेवर नुसती मांडून पाहावीत. या तासिकेस खळ वर्गात आणूच नये.

दुसरी तासिका, चिकटवणे : मैद्याची खळ चिमूटभर तुरटी घालून शिजवावी व थंड करावी. पानास मागून खळ फासू नये. त्याने पान ओलावते व काळे पडते. देठावर व मधल्या शिरेवर कागदाच्या अरुंद पट्ट्या आडव्या घालून पट्ट्यांची टोके तेवढी चिकटवावीत. सहाही पृष्ठे कोरड्या रद्दीत घालून रात्रभर वजनाखाली ठेवावीत.

तिसरी तासिका, लिहिणे : खळ पूर्ण वाळल्यावर चिठ्ठीवरील मजकूर शाईने उतरवावा. खाली मुलाने स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहावी : ‘या चिंचेवर वटवाघळे लोंबतात’, ‘या बोरीची बोरे आंबट आहेत.’ अशी वाक्ये पुस्तकातून उतरू देऊ नयेत. शुद्धलेखन सुधारावे, पण वाक्य मुलाचेच राहू द्यावे.

बांधणी व जतन

चैत्रात वही बांधावी. पाने व पट्ट्या यांमुळे पृष्ठे मध्ये जाड व कण्याकडे पातळ होतात आणि वही तोंडाशी फुगते. म्हणून दोन पृष्ठांमध्ये कण्याकडे पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी घालावी. दाभणाने तीन भोके पाडून दोरा ओवावा. गाठ सुटणारी असावी, कारण परतलेल्या मुलांची पृष्ठे अजून यावयाची असतात. वही कोरड्या जागी आडवी ठेवावी व पावसाळ्यानंतर पृष्ठे उघडून वारा द्यावा.

तपासणी

वहीचे मोल सुबकपणावरून ठरवू नये. पुढील प्रश्न विचारून पाहावेत : प्रत्येक पृष्ठावर ठिकाण व तारीख आहे काय? प्रत्येक मुलाचे नाव निदान एका पृष्ठावर आहे काय? चौथ्या हप्त्यातील काम पहिल्यापेक्षा सुधारले आहे काय? पृष्ठावरील झाड मुलाला रानात दाखविता येते काय?

तारीख व ठिकाण यांचा आग्रह केवळ शिस्तीसाठी नाही. रस्ता रुंद करताना वा विहीर खणताना गावातील जुनी झाडे जातात. पाच-सहा वर्षांच्या वह्या शाळेच्या कपाटात राहिल्या तर कोणते झाड कोठे होते आणि पळस कोणत्या वर्षी केव्हा फुलला, हे पुढच्या वर्गास वाचावयास मिळेल. ज्या पानाची तारीख व ठिकाण लिहिलेले नाही, त्यापासून मात्र असे काहीच कळणार नाही. म्हणून नव्या वर्षी नव्या मुलांनी जुनी वही प्रथम उघडावी, त्यातील झाडे गावात शोधावीत, आणि जे झाड आता उभे नाही त्याच्या पृष्ठावर तशी नोंद तारखेसह करूनच आपल्या पहिल्या हप्त्यास आरंभ करावा.