चित्रफितीतून विज्ञानाचे विवरण

व्याख्या तोंडपाठ असली की उत्तरपत्रिकेत गुण मिळतात. संकल्पना उमगली आहे किंवा नाही, हे मात्र तीवरून कळतेच असे नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'ब्रेकथ्रू ज्युनिअर चॅलेंज' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने वेगळी कसोटी लावली. १३ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान अथवा गणितातील एक अवघड संकल्पना निवडावयाची आणि काही मिनिटांच्या चित्रफितीत ती उलगडून दाखवावयाची. विषयाचे काठिण्य, कल्पकता व रंजकता यांबरोबरच विवरणाची सुबोधताही पारखली जात असे.

२०१८ चे पारितोषिक बंगळूरच्या एका विद्यार्थ्याने मिळविले. त्याचा विषय होता शरीरातील 'घड्याळ'. झोप, शरीराचे तापमान, संप्रेरकांचे स्रवणे यांची सुमारे २४ तासांची लय असते आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश हे घड्याळ दिवसरात्रीशी जुळवून घेतो. रात्रपाळीच्या कामगाराला दिवसा गाढ झोप का लागत नाही, याचे एक कारण येथेच सापडते. याच लयीमागील रेणवीय यंत्रणेच्या शोधाबद्दल २०१७ मध्ये तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले होते.

विजेत्यास २,५०,००० डॉलरची शिष्यवृत्ती, त्याच्या शिक्षकास ५०,००० डॉलर आणि शाळेस १,००,००० डॉलरची प्रयोगशाळा, अशी पारितोषिकाची विभागणी होती. शिक्षकाचा वाटा इतक्या उघडपणे मान्य करणाऱ्या स्पर्धा विरळाच. परीक्षणाची पहिली फेरी तर स्पर्धकांकडेच असे: त्यांनी परस्परांच्या चित्रफिती पाहून गुण द्यावयाचे. समवयस्कांनाच विवरण कळले नाही, तर तज्ज्ञांपर्यंत पोहोचणे कठीण होते.