भोवरा पडत का नाही?

भोवऱ्यांचा हंगाम आला म्हणजे मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात जो खेळ रंगतो, त्यात पदार्थविज्ञानाचा एक अवघड प्रश्न दडलेला असतो. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा आरेवर उभा राहतो. थोडा कलला तरी आडवा होत नाही, तर कललेल्या स्थितीतच त्याचे डोके सावकाश एक वर्तुळ काढीत राहते. फिरावयाचा थांबला की मात्र तोच भोवरा क्षणभरही उभा राहत नाही. असे का, हे एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच.

त्यावर वर्गात बहुधा दोन उत्तरे दिली जातात. वेगामुळे भोवऱ्यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होत नाही, हे एक. आणि केंद्रोत्सारी बल त्यास सावरून धरते, हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत. फिरणाऱ्या वस्तूचे वजन तिळभरही घटत नाही. केंद्रोत्सारी म्हणून जी ओढ सांगतात, ती सर्व बाजूंस सारखी असल्याने एकमेकींस छेदते. तिच्या अंगी वस्तूस उचलून धरण्याचे सामर्थ्य नाही. अशा उत्तराने मुलाचे तोंड बंद होते व त्याबरोबर त्याचे पाहणेही थांबते. डोके वर्तुळ का काढते, हा त्याच्या डोळ्यांसमोरचा खरा प्रश्न तसाच राहून जातो.

भोवरा लहान व चपळ असल्याने त्याच्यावर निरीक्षण करणे कठीण जाते. त्याऐवजी सायकलचे पुढील चाक काढून घ्यावे. आसाच्या एका टोकास, नटाच्या आतील बाजूने, मजबूत सुती दोरी बांधून ती तुळईस किंवा झाडाच्या फांदीस टांगावी. चाक स्थिर असता आस आडवा धरून सोडल्यास चाक तत्काळ लोंबकळते, हे प्रथम सर्वांस दाखवावे. नंतर आस पुन्हा आडवा धरून टायरावर तळहात घासून चाकास चांगला वेग द्यावा आणि आसाचे मोकळे टोक अलगद सोडावे. तारांत बोटे, मोकळे केस किंवा ओढणी जाणार नाही, याची काळजी घ्यावी. (शिक्षकाची स्वतःची सायकल वापरल्यास चाक पुन्हा नीट बसविण्यास वेळ राखून ठेवावा.)

चाक खाली येत नाही. किंचित दबल्यासारखे होऊन त्याचा आस जवळजवळ आडवाच राहतो आणि दोरीभोवती सावकाश फिरू लागतो. दोरी ताणकाट्यास अडकविली असेल, तर काटा चाकाचे पूर्ण वजन दाखवितो. गुरुत्वाकर्षण कोठे गेलेले नाही. आता एका विद्यार्थ्यास आसाच्या मोकळ्या टोकापुढे बोट आडवे धरण्यास सांगावे. आसाचे आडवे फिरणे अडताच चाक वेगात असूनही तो खाली झुकतो. या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. केवळ स्वतःभोवती फिरल्याने चाक तरत नाही. त्याच्या आसास बाजूस वळण्याची मोकळीक असली, तरच ते तरते.

याचे कारण फळ्यावर आकृती काढून समजावून द्यावे. चाक असे टांगले आहे की दोरी पाहणाऱ्याच्या डाव्या हातास व चाक उजव्या हातास आहे, आणि चाकाचा वरचा भाग पाहणाऱ्याच्या दिशेने येत आहे. आधार डावीकडे व भार उजवीकडे असल्याने वजन चाकास उलथू पाहते. बल आणि आधारापासूनचे अंतर यांच्या गुणाकारास परिबल म्हणतात. या परिबलाचा प्रयत्न चाकाचा वरचा भाग उजवीकडे व खालचा भाग डावीकडे लोटण्याचा असतो. परंतु माथ्यावरचा कण तेथे थांबलेला नाही. वरच्या अर्धुकातून जाताना त्यास उजवीकडे रेटा मिळत राहतो, तो साचत जातो, आणि ते अर्धुक संपते तेव्हा, म्हणजे माथ्यापासून पाव फेरा पुढे, कण पाहणाऱ्याच्या बाजूस आलेला असताना त्याची उजवीकडील गती सर्वांत अधिक होते. पलीकडच्या बाजूस त्याच न्यायाने डावीकडील गती सर्वांत अधिक होते. चाकाची अलीकडची कड उजवीकडे आणि पलीकडची डावीकडे जाणे, याचाच अर्थ आसाचे मोकळे टोक पाहणाऱ्यापासून दूर वळणे. रेटा माथ्यावर बसला, पण परिणाम पाव फेरा पुढे प्रकटला. चाक उलटे फिरविल्यास आसही उलट दिशेस वळतो. हे मुलांनी आधी ओळखून मग पडताळून पाहावे.

तरी वजन सतत ओढीत असता चाक शेवटी खाली का येत नाही, अशी शंका उरते. येथे गोफणीचे उदाहरण उपयोगी पडते. गोफण गरगर फिरविताना दोरी दगडास सारखी हाताकडे ओढीत असते. तथापि दगड हातात येऊन पडत नाही. ती ओढ त्याची दिशा वळविण्यातच खर्ची पडते. चाकाच्या बाबतीत वजनाचे परिबल याच रीतीने आसाची दिशा वळविण्यात खर्ची पडते. बोटाने ते वळणे अडविले की परिबलास पाडण्यावाचून दुसरे काम उरत नाही. आसाच्या या वळण्यास शास्त्रीय परिभाषेत परांचन म्हणतात. कोनीय संवेगाचे गणित प्राथमिक वर्गात मुळीच आणू नये. तारा न मोजता ज्यास चाक फिरविता आले, त्यास एवढे पुरे.

परांचनाचा वेग मोजण्याजोगा असतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर, दोरीचे चाकाच्या मध्यापासूनचे अंतर ७ सेंटीमीटर आणि चाकाचे फेरे सेकंदास ३ असतील, तर आसास दोरीभोवती एक फेरी करण्यास सुमारे १५ सेकंद लागतात. फेरे दुप्पट केल्यास ही फेरी सुमारे ३१ सेकंदांची होते. चाक जितके जलद, तितके परांचन मंद, हा नियम ऐकून मुले चकित होतात. आसाच्या मोकळ्या टोकास लहानसे कुलूप अडकविले की आस खाली वाकेल असे बहुतेकांस वाटते. प्रत्यक्षात तो अधिक जलद वळू लागतो. भोवऱ्याचेही असेच आहे. आरंभी त्याचे डोके संथपणे वर्तुळ काढते. घर्षणाने वेग मंदावला की तेच वर्तुळ रुंद व घाईचे होते, आणि अखेर भोवरा जमिनीस टेकतो. मुलांनी हे शेकडो वेळा पाहिलेले असते. त्यांना फक्त आठवण करून द्यावयाची.

फिरत्या चाकास बाहेरचे कोणतेही परिबल पोहोचू दिले नाही, तर त्याचा आस आपली दिशा सोडीत नाही. या तत्त्वावर फ्रान्समधील फुको या शास्त्रज्ञाने १८५२ साली एक उपकरण रचले, पृथ्वीचे परिवलन त्याद्वारे दाखविले व त्यास जायरोस्कोप हे नाव दिले. जहाजांवरील जायरो होकायंत्र हे त्याचेच पुढचे रूप. आजच्या मोबाईलमध्येही त्याच नावाचा भाग असतो. मात्र त्यात चाक नसून कंप पावणारा एक सूक्ष्म तुकडा असतो.

सर्वांत मोठा भोवरा पायाखालीच आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असून तिचा तेथील व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे. त्या फुगवट्यावर चंद्रसूर्यांची ओढ पडते व ती पृथ्वीचा कललेला अक्ष सरळ करू पाहते. अक्ष सरळ होत नाही. सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी या गतीने तो वळत राहतो. भोवऱ्याचे वजन त्यास पाडू पाहते, येथील ओढ उभे करू पाहते. म्हणून पृथ्वीचे परांचन तिच्या परिवलनाच्या उलट दिशेस होते. आपल्या ज्योतिषात यालाच अयनचलन म्हणतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात त्याचा सविस्तर विचार केला आहे. ते व्यवसायाने शिक्षक होते, हे शिक्षकवर्गास ठाऊक असावे.

अयनचलनाचा पुरावा प्रत्येक घरातील पंचांगात आहे. सूर्याचे उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरास सुरू होते, पण ताऱ्यांच्या आधाराने ठरविलेली मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. हे अंतर सुमारे ७० वर्षांत एक दिवस या प्रमाणात वाढत आले आहे. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केव्हा घडत असतील, हे गणित वरच्या वर्गास घालावे. उत्तर सुमारे १७०० वर्षांपूर्वी असे येते. सोबत अंगणात १ मीटर उंचीची काठी उभी रोवून २२ डिसेंबरास व १४ जानेवारीस तिची दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजवून घ्यावी. पुण्याच्या अक्षांशावर पहिली सुमारे ९० सेंटीमीटर भरते. दुसरी तिच्याहून सहा-सात सेंटीमीटरांनी आखूड असते, कारण संक्रांतीपूर्वी तीन आठवडे सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो.