टी.व्ही.ला व्हिडिओ गेम जोडताना : ‘गेला’ म्हणण्यापूर्वी पाच गोष्टी तपासा

शाळांना सुट्ट्या लागल्या की रेडिओ-टी.व्ही. दुरुस्तीच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागते. हातात पिशवी, पिशवीत जुना व्हिडिओ गेम व वायरींचा गुंता, आणि सोबत एक उतावीळ मूल. प्रश्न एकच असतो : हा आमच्या टी.व्ही.ला का लागत नाही? पुष्कळ ठिकाणी वायर हलवून पाहिली जाते आणि उत्तर मिळते, “गेला हा. नवीन घ्या.”

मी नगरच्या कापड बाजारातला माणूस. सोल्डरिंगचे काम माझे नव्हे. परंतु या ‘गेला’ शब्दाची किंमत मला स्वतःच्या घरात कळली. १९९० च्या दशकात मुलांसाठी घेतलेला गेम नातवाने माळ्यावरून काढला. त्याचा ॲडॅप्टर हरवला होता. घरातल्या जुन्या टेलिफोनच्या ॲडॅप्टरची पिन त्यात बरोबर बसली, म्हणून मी तोच लावला. दोन मिनिटांत जळका वास आला. चूक पूर्णपणे माझी होती. एका दुकानदाराने संच न उघडताच तो भंगारात काढला. दुसऱ्या कारागिराने मात्र उघडून पाहिला, तीन पायांचा एक छोटा जळलेला भाग बदलला आणि गेम चालू करून दिला. मग त्याने मला जे समजावले, ते मी वहीत टिपून घेतले व नंतर आणखी माहिती मिळवली. आपल्या बांधवांपैकी अनेक जण या धंद्यात आहेत. त्यांच्या व गिऱ्हाइकांच्या उपयोगासाठी ते येथे देत आहे.

१) आधी वीज पाहा

पिन बसली म्हणजे ॲडॅप्टर जुळला, असे होत नाही. ॲडॅप्टरवरील चार गोष्टी वाचाव्यात : आत येणारी वीज, बाहेर जाणारे व्होल्ट, अँपिअर, आणि पिनच्या मध्यभागी अधिक आहे की उणे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ १९८३ मध्ये बाजारात आला. त्याच्या नकला पुढे जगभर निघाल्या. भारतातही त्या विकल्या गेल्या. अशा संचांत बहुधा ९ व्होल्टचा, मध्यभागी उणे असलेला ॲडॅप्टर लागतो. इतर पुष्कळ उपकरणांत मध्यभागी अधिक असते. माझ्या हातून झालेली चूक हीच. म्हणून संचावरील खूण व मल्टिमीटर, दोन्ही पाहिल्याशिवाय पिन घालू नये.

या संचांत ‘७८०५’ नावाचा रेग्युलेटर आलेल्या विजेतून ५ व्होल्ट तयार करतो. उरलेली वीज तो उष्णता म्हणून टाकतो. समजा संच अर्धा अँपिअर घेतो. ९ व्होल्ट दिले तर रेग्युलेटरवर २ वॉट उष्णता पडते. १२ व्होल्ट दिले तर साडेतीन वॉट. म्हणजे ‘थोडेच जास्त आहे’ म्हणून लावलेला ॲडॅप्टर रेग्युलेटरला जवळजवळ पावणेदोन पट तापवतो. शिवाय नातेवाइकांनी अमेरिका किंवा जपानमधून आणलेल्या संचाचा ॲडॅप्टर ११० किंवा १०० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावला, तर जळणारच.

२) कोणत्या वाटेने चित्र जाते, ते ओळखा

गेममधून टी.व्ही.त चित्र नेण्याच्या मुख्य वाटा तीन.

पहिली ॲन्टेनाची. जुन्या गेममध्ये एक छोटे प्रक्षेपण केंद्रच असते म्हणा ना. ते चित्र व आवाज एका चॅनेलवर बसवून वायरीने ॲन्टेनाच्या सॉकेटमध्ये सोडते. संचावर चॅनेल ३ व ४ चे बटण असेल तर टी.व्ही. त्याच चॅनेलवर लावावा. आपल्याकडील पद्धतीत चॅनेल ३ चे चित्र ५५.२५ मेगाहर्ट्झवर व ४ चे ६२.२५ वर येते. परदेशी संचाचा ‘३’ थोडा वेगळ्या ठिकाणी असू शकतो; त्यासाठी हाताने ट्यूनिंग करावे. नव्या टी.व्ही.त ॲन्टेनाचे सॉकेट असले तरी मेनूत शोध फक्त ‘डिजिटल’वर ठेवलेला असतो. तो ‘ॲनालॉग’वर आणल्याशिवाय गेम सापडत नाही. केबलचे डिजिटायझेशन २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने झाले. तेव्हापासून हे सॉकेट बहुतेक घरांत रिकामेच पडून आहे, त्यामुळे नव्या मुलांना ते ठाऊकही नसते.

दुसरी वाट ए.व्ही.ची. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. पिवळी पिन चुकून आवाजाच्या भोकात गेली तर टी.व्ही. मोठ्याने गुरगुरतो. हे ऐकून स्पीकर फाटला असे समजू नये. पुष्कळ एल.ई.डी. संचांत तीन सॉकेट न देता हेडफोनसारखे एकच छोटे सॉकेट दिलेले असते. त्याची वायर बाजारात मिळते, पण सर्व वायरींतील जोडणीचा क्रम सारखा नसतो. चित्र आले नाही तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या टोकाला लावून पाहावी. तरीही जमले नाही तर मल्टिमीटरच्या ‘बीप’वर जोडणी तपासावी, अर्थिंगची जागाच वेगळी असेल तर रंग बदलून उपयोग नाही.

तिसरी वाट एच.डी.एम.आय.ची. तिचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये ठरले. सोनीच्या २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ मध्ये ए.व्ही. व एच.डी.एम.आय. दोन्ही होते, २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये ए.व्ही. राहिले नाही. म्हणजे जुना गेम नव्या टी.व्ही.ला किंवा नवा गेम जुन्या टी.व्ही.ला जोडायचा असेल, तर मध्ये कन्व्हर्टर लागतो.

गिऱ्हाइकाचे सर्वांत जास्त पैसे येथेच वाया जातात. कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. जुन्या गेमसाठी ‘ए.व्ही. टू एच.डी.एम.आय.’ हवा, नव्या गेमसाठी ‘एच.डी.एम.आय. टू ए.व्ही.’. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच. उलटी डबी नेली की घरी काहीच दिसत नाही, आणि दोष गेमला दिला जातो. विकणाऱ्याने “गेम कोणता, टी.व्ही. कोणता?” एवढे दोन प्रश्न विचारले तरी परत येणारा माल बराच कमी होईल.

३) चित्र काळे-पांढरे येते

भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले ते ‘पाल’ पद्धतीचे. जपान व अमेरिकेची पद्धत ‘एन.टी.एस.सी.’. आमच्या भाषेत सांगायचे तर दोन मागांवर विणलेले दोन कपडे. ‘पाल’च्या एका चित्रात ६२५ आडव्या ओळी, सेकंदाला ५० फेरे, ‘एन.टी.एस.सी.’मध्ये ५२५ ओळी व ६० फेरे. रंगाचा धागाही निराळ्या जागी, एकात ४.४३ मेगाहर्ट्झवर तर दुसऱ्यात ३.५८ वर. त्यामुळे फक्त ‘पाल’ समजणाऱ्या जुन्या टी.व्ही.वर जपानी गेम लावला तर चित्र बिनरंगी येते, कधी वर-खाली पळते. मेनूत ‘कलर सिस्टिम’ असेल तर ती ‘ऑटो’वर ठेवावी. दुसरे कारण असे की, नव्या संचांत हिरवे सॉकेट कधी दोन कामांचे असते. पिवळी पिन त्यात घालून मेनूत ‘कंपोनंट’ निवडले तर चित्र येते, पण रंगाविना. ‘ए.व्ही.’ निवडताच रंग येतो.

४) चित्र स्वच्छ, पण आवाज नाही

ॲन्टेनाच्या वाटेने जोडलेल्या संचात हे फार आढळते. आपल्या टी.व्ही.त चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर आवाज शोधला जातो. चीनच्या पद्धतीत हे अंतर ६.५, अमेरिकेत व जपानमध्ये ४.५. त्या देशाच्या बाजारासाठी बनलेला गेम येथे लावला तर चित्र उत्तम आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. गेम बिघडलेला नसतो. टी.व्ही.च्या मेनूत ‘साउंड सिस्टिम’ असल्यास ‘बी.जी.’ऐवजी ‘डी.के.’ किंवा ‘एम’ लावून पाहावे. गेमला ए.व्ही.चे सॉकेट असेल तर ती वाट धरावी. तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

५) नवा टी.व्ही. आणि जुनी बंदूक

काही गेमसोबत बदके मारायची बंदूक येते. “बाकी गेम चालतो, बंदूक लागत नाही” ही तक्रार घेऊन येणाऱ्याची बंदूक बहुधा चांगलीच असते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि सावजाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला प्रकाश ओळखणारा भाग तो टिपतो. हा हिशेब काचेच्या नळीच्या टी.व्ही.साठी बांधलेला आहे. एल.सी.डी. किंवा एल.ई.डी. पडदा चित्र उशिरा दाखवतो व त्याचा प्रकाशही तशा रीतीने लुकलुकत नाही. त्यामुळे नेम कितीही अचूक असला तरी गोळी लागत नाही. ही बंदूक उघडण्यात वेळ घालवू नये व मजुरीही घेऊ नये. गिऱ्हाइकाला कारण सांगावे.

बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा उडी मारतो, हीदेखील नव्या पडद्याची तक्रार. मेनूत ‘गेम मोड’ सुरू केल्यास फरक पडतो.

एक इशारा

ए.व्ही. सॉकेट नसलेल्या जुन्या टी.व्ही.ला आतून वायर काढून देण्याची मागणी येते. काही जुन्या संचांचा आतला सांगाडा थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो. अशा संचातून वायर काढली तर ती वीज गेममधून मुलाच्या हातातील कंट्रोलरपर्यंत पोहोचू शकते. दोन पैशांसाठी असे काम कोणीही करू नये. ॲन्टेनाच्या सॉकेटमध्ये लावायचा वेगळा मॉड्युलेटर मिळतो, तो सुचवावा.

दुकानदारांसाठी

ॲडॅप्टर, वाट, रंग, आवाज आणि पडदा, या पाच गोष्टींचा कागद काउंटरवर चिकटवून ठेवावा आणि त्या क्रमाने तपासूनच निर्णय द्यावा. तपासणीची मजुरी जरूर घ्यावी, ती हक्काची आहे. मात्र आधी सांगून घ्यावी. कापडाच्या धंद्यात ठाणातला दोष आपणहून दाखवणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे मी आयुष्यभर पाहिले. माझा गेम भंगारात काढणाऱ्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही. ज्या कारागिराने तो उघडून पाहिला, त्याच्याकडे आमच्या घरचा पंखा, मिक्सर आणि टी.व्ही. तेव्हापासून जातो. शेजारच्या चार घरांचेही काम आता त्याच्याकडेच असते.