ज्यूरीत कोण बसणार, हे ठरतं कसं?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. नागरिकत्व मिळून वर्ष झालं नाही तोच तिला ज्यूरीचं समन्स आलं. ‘वेनायरी’, ‘व्ह्वार डिअर’ असले शब्द ती सांगते. म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे असं कधी होतं का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : समन्स आलं म्हणजे मुलगी ज्यूरीत बसलीच, असं नव्हे. मतदार यादीसारख्या नोंदींतून नावं निघतात. बोलावलेल्या त्या सगळ्या लोकांना मिळून ‘वेनायरी’ म्हणतात. मग न्यायाधीश आणि वकील विचारपूस करतात. आरोपीशी ओळख आहे का? पोलिसांत कुणी नातेवाईक? हीच ‘व्ह्वार डिअर’. पक्षपाताचं कारण दाखवून कितीही जणांना वगळता येतं, कारण न देता मात्र ठरावीकच. वंशावरून कुणाला गाळता येणार नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात बजावलं. समन्सला उत्तर मात्र द्यावंच. टाळलं तर दंड होऊ शकतो.

आपल्याकडेही ज्यूरी होती, आणि तिचा एक गाजलेला खटला अमरावतीकरांच्या जवळचा आहे.

१९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. खरी झुंज ज्यूरी बसण्याआधीच झाली. सरकारनं ‘स्पेशल ज्यूरी’ मागितली; त्या यादीत युरोपियनांचाच भरणा. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी हरकत घेतली. ज्या लेखांवरून खटला होता ते मराठी, तर ते वाचू शकणारे ज्यूरर नकोत का? न्यायमूर्ती दावरांनी सरकारचंच म्हणणं मानलं. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. निकालही ७ विरुद्ध २ असाच लागला. सहा वर्षांची शिक्षा झाली. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागायला थेट विलायतेला गेले, पण तिथेही डाळ शिजली नाही.

नावं नाकारायची सोय तेव्हाही होती. १८९८ च्या फौजदारी संहितेनुसार हायकोर्टात सरकारला आठ आणि आरोपीला आठ नावं कारण न सांगता नाकारता येत. यादीच एकतर्फी असेल तर आठ नावं गाळून काय साधणार?

पुढे १९५९ मध्ये नानावटींवर चाललेल्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीनं ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि हायकोर्टानं शिक्षा दिली. हीच देशातली शेवटची ज्यूरी, असं सर्रास सांगतात. ते चूक आहे; त्यानंतरही काही वर्षं ज्यूरी बसत होती. १ एप्रिल १९७४ ला नवी संहिता लागू झाली, तिच्यात ज्यूरीला जागाच उरली नाही. पारशी विवाहाच्या दाव्यांत मात्र मुंबई हायकोर्टात न्यायाधीशांसोबत समाजातले पाच ‘डेलिगेट’ बसवायची तरतूद कायद्यात आहे, आणि त्यांच्यापैकी काहींना पक्षकार कारण न देता नाकारू शकतात.