जखमेवरचा लेझर : आधी पूर्ण हिशेब मागा

मधुमेहामुळे तळपायाला झालेली जखम दीड-दोन महिने भरत नाही, रोजच्या ड्रेसिंगने घरचे थकतात आणि कुणीतरी सुचवतं, ‘लेझर घेऊन बघा.’ चौकशी केली की एका सिटिंगचा दर सांगतात. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

हा लेझर कापणारा किंवा जाळणारा नव्हे. व्हेरिकोज व्हेन्ससाठी वापरतात तो निराळा, त्याचं बिलही निराळं. जखमेवर सोडतात तो लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा. ताकद सहसा अर्ध्या वॉटच्या आत, म्हणून कातडी भाजत नाही. १९६० च्या दशकात बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांना उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर लेझर सोडल्यावर केस लवकर उगवलेले दिसले. पुढे त्यांनी तो न भरणाऱ्या जखमांवर वापरला. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटतं, ते टाळण्यासाठी या प्रकाशाची शिफारस आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. कातडीच्या जखमांबाबत मात्र पुरावा अजून कच्चा आहे. कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये बेडसोरचा आणि २०१७ मध्ये मधुमेही पायाचा आढावा घेतला. दोन्ही वेळा अभ्यास थोडे, लहान आणि त्रुटी असलेले निघाले. म्हणून माझं स्पष्ट मत : लेझर हा जोडउपचार आहे. मूळ उपचार नीट चालू असेल आणि पैसे उरत असतील, तरच तो घ्यावा.

आता हिशेब. समजा, एका सिटिंगचे ५०० रुपये सांगितले. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे, म्हणजे १८ सिटिंग आणि ९,००० रुपये. चालता न येणाऱ्या माणसाला रिक्षा लागते. जाऊन-येऊन २०० रुपये धरले तरी ३,६०० वाढले. सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज वेगळा. ड्रेसिंगचं सामान दरात धरलंय की त्याचे पैसे वेगळे, हे पहिल्याच दिवशी विचारा. पुष्कळदा खरा फरक तिथेच पडतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. लेझरचा डोस ज्यूलमध्ये मोजतात आणि तो जखमेच्या आकारावर ठरतो. डॉक्टरांनी दर चौरस सेंटिमीटरला ४ ज्यूल लिहिले, जखम १० चौरस सेंटिमीटरची आणि यंत्र १०० मिलिवॉटचं असेल, तर ४० ज्यूल पोचायला ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास लागतात. तेच यंत्र एवढ्या जखमेवर अर्धा मिनिट फिरवलं, तर डोस पोचलाच नाही. उलट, जास्त प्रकाश म्हणजे जास्त गुण असंही नाही. डोस प्रमाणाबाहेर गेला तर परिणाम कमी होतो. तरंगलांबी, ताकद आणि मिनिटं केसपेपरवर लिहून मागा. लिहून द्यायला जे कां-कूं करतील, तिथे पैसे भरू नका. सिटिंगच्या वेळी रुग्ण आणि तंत्रज्ञ, दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

लेझरआधी कशावर खर्च करायचा? पायाचा रक्तपुरवठा तपासणारा डॉपलर, साखरेसाठी एचबीएवनसी, मेलेला भाग काढून जखम साफ करणं, आणि जखमेवरचा भार काढणारी चप्पल किंवा प्लास्टर. रोज त्याच जखमेवर पाय टेकून चालत राहिलं तर कुठलाही प्रकाश कामी येत नाही. शिरांच्या दोषाने घोट्याजवळ झालेल्या जखमेला दाबपट्टी लागते, बेडसोरला कूस बदलणं आणि हवेची गादी. जुनाट जखमेच्या कडा जाड होऊन वर आल्या असतील, तर लेझरऐवजी आधी तुकडा तपासून घ्या. कर्करोग असलेल्या जागी हा प्रकाश सोडत नाहीत.

आरोग्यविम्याचा आधार इथे फारसा मिळत नाही. बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच खर्च देतात आणि लेझर ओपीडीत होतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जखमेच्या उपचारावर जीएसटी लागत नाही. बिलात तो दिसला तर हिशेब मागा. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं, तेही पाहून घ्या.

पॅकेजचे सगळे पैसे आगाऊ देऊ नका, दर सिटिंगला द्या आणि पावती घ्या. पहिल्या दिवशी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मग दर आठवड्याला एक. मधुमेही पायाची जखम चांगल्या उपचाराने चार आठवड्यांत निम्म्याच्या आसपास आकसायला हवी. तसं झालं नाही तर लेझर थांबवा आणि मधुमेही पाय पाहणाऱ्या सर्जनकडे जा. पाय लाल होऊन सुजला, ताप आला किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घरी वापरायची लाल दिव्याची यंत्रं ऑनलाइन मिळतात. भारतात वैद्यकीय उपकरणांना परवाना लागतो, त्यामुळे परवाना क्रमांक, तरंगलांबी आणि ताकद छापलेली नसेल तर ते यंत्र घेऊ नका. पायाला संवेदना नसलेल्या माणसाने तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते लावूच नये. काही यंत्रं गरम होतात आणि चटका बसल्याचं त्याला कळत नाही.