पडद्यावरील चित्रप्रदर्शन

प्रश्न : मी जलरंगांत निसर्गचित्रे रंगविते. ऑनलाइन प्रदर्शनात मूळ रंग हरवतील, नक्कल होईल, अशी भीती वाटते. आपला अनुभव काय?

उत्तर : २०२० साली टाळेबंदीने कलादालनांची दारे मिटली, तेव्हा मीही प्रथमच पडद्यावर चित्रे मांडली, आणि ज्या चित्रापुढे रसिक चार पावले मागे सरून, पुन्हा जवळ येऊन कागदाचा पोत न्याहाळतो, ते तळहाताएवढ्या काचेत पाहून मन खिन्न झाले, हे प्रांजळपणे नमूद करतो. परंतु जहांगीर कलादालनाची पायरी कधीही न चढलेल्या दूरस्थ रसिकांनी त्याच चित्रांविषयी आस्थेने लिहिले, तेव्हा या माध्यमाची योग्यता मला उमगली.

कागद प्रकाश परावर्तित करतो, पडदा तो स्वतः फेकतो. म्हणून जलरंगात कोरी राखलेली जागा पडद्यावर अवाजवी झगमगते. यास्तव छायाचित्र थेट ऊन नसलेल्या, सर्वत्र सारख्या उजेडात, कॅमेरा चित्राला समांतर धरून घ्यावे, मूळ चित्र शेजारी ठेवून रंग ताडून पाहावेत आणि प्रतिमा एसआरजीबी या सर्वमान्य रंगव्यवस्थेत जतन करावी. पडद्यावर लहानमोठी चित्रे एकाच मापाची भासतात, म्हणून प्रत्येकाचे माप सेंटिमीटरमध्ये अवश्य द्यावे.

नकलेविषयी म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये स्वतंत्रपणे काढलेल्या चित्राचा हक्क ते निर्माण होताच आपणांस प्राप्त होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तथापि पूर्ण आकाराची प्रतिमा कोणाच्याही हवाली करू नये. निःशंक मनाने चित्रे मांडा. पडदा हे मूळ चित्राकडे नेणारे निमंत्रण आहे.